कॅम्परच्या टायरमध्ये हवा किती? साइडवॉलवर ८०, टायरवाला म्हणतो ४५

मडगावचा_मुसाफिर

मिनीबसच्या चॅसिसवर बांधून घेतलेली कॅम्पर आहे. मागेही एकेरीच चाकं, म्हणजे रस्त्यावर एकूण चार टायर. साइज एलटी २२५/७५ आर १६, दहा प्लाय, लोड रेंज ई, ११५/११२. आरसीवर एकूण वजनाची मर्यादा ३,८०० किलो. आत १२० लिटरची पाण्याची टाकी, १५० एएचच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या, फ्रीज, ओटा, झोपायला चौघांची सोय.

दाराच्या खांबावर कंपनीचा स्टिकर आहे, पण तो मूळच्या टायरसाठी. बॉडी बांधताना टायरची साइज बदलली. साइडवॉलवर १२१५ किलो, ८० पीएसआय असं कोरलंय. ८० भरली की कपाटातली भांडी वाजतात, स्टिअरिंग हलकं पडतं आणि पुढच्या टायरांची मधली गोटी (रस्त्याला टेकणारी नक्षी) लवकर घासतेय. टायरवाला सरळ "सगळीकडे ४५ ठेवा" म्हणतो. ४५ वर वळणात गाडीचा मागचा भाग डुलतो आणि तासाभराने मागच्या टायरला हात लावला तर चटका बसतो.

नेमकी किती ठेवायची? डिसेंबरात अनमोड घाटाने बेळगावला जायचं आहे, त्याचा काही फरक पडतो का? टीपीएमएस (टायरमधली हवा आणि तापमान दाखवणारे सेन्सर) घेतलाय, त्यात अलार्म किती वर लावू?

वाळपईचा_ट्रक

८० भरा आणि मोकळे व्हा. टायर फुटण्यापेक्षा भांडी वाजलेली परवडली.

साखळीकर

८० भरून टायर फुटणार नाही हे खरं. पण ८० हा "इतकी भराच" असा आकडा नाही. एका टायरवर १२१५ किलो भार असेल तर किमान ८० लागते, असा त्याचा अर्थ. भार कमी असेल तर हवाही कमी लागते. जास्त ठेवली तर रबराचा मधला पट्टाच रस्त्याला टेकतो, ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर गाडी लांब जाते. आपल्याकडे वर्षातले चार महिने रस्ता ओलाच असतो, तेव्हा ही गोष्ट भांड्यांपुरती राहत नाही.

आधी साइडवॉल नीट वाचू. ११५ म्हणजे एकेरी चाकाला १२१५ किलो. ११२ म्हणजे जोडचाकांत प्रत्येकी ११२० किलो, तो तुमच्या कामाचा नाही. याच साइजचा एलटी (लाइट ट्रक) टायरचा भार-हवा तक्ता एकेरी चाकासाठी साधारण असा येतो: ४५ पीएसआयला ८१० किलो, ५० ला ८८०, ५५ ला ९३५, ६० ला ९९५, ६५ ला १०६०, ७० ला ११०५, ७५ ला ११६०, ८० ला १२१५. तुमच्या टायरच्या कंपनीचा तक्ता मिळाला तर तोच धरा. आणि हे आकडे एलटीचेच. याच मापाच्या, शेवटी "सी" असलेल्या टायरला हा तक्ता लावू नका, त्याचा संदर्भाचा दाब वेगळा असतो.

आता राहिलं वजन, आणि तिथेच बहुतेकांचं घोडं अडतं. आरसीवरचं वजन धरून भागाकार करू नका. बांधलेल्या गाडीत ओटा कुठे, टाकी कुठे, यावर चारही चाकांचा भार वेगवेगळा होतो. गाड्यांच्या वजनकाट्यावर जा. डिचोली, सावर्डे, कुडचडे या खाणपट्ट्यात काटे आहेत, वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपासही मिळतील. मात्र काटा जमिनीशी सपाट बसवलेला, खड्ड्यातला हवा. कडेला कठडे असलेल्या उंच काट्यावर एका बाजूची चाकं वेगळी घेता येत नाहीत.

जाताना गाडी प्रवासाला निघाल्यासारखी भरून न्या: टाकी काठोकाठ, डिझेल फुल, गॅस, डबे, चटया, माणसं आपापल्या सीटवर. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग अख्खी गाडी, मग फक्त मागची. त्यानंतर गाडी कडेने घ्या, म्हणजे पुढचं एकच चाक काट्यावर येईल, आणि तसंच पुढे सरकून मागचं एकच. दुसऱ्या बाजूचा भार वजाबाकीने निघतो. हँडब्रेक ओढू नका, गिअर न्यूट्रलला, इंजिन बंद. पुढची अधिक मागची बेरीज अख्ख्या वजनाशी वीस-तीस किलोंच्या आत जुळली नाही तर काट्याबाहेरची जमीन उताराची आहे असं समजा आणि दुसरा काटा शोधा.

पावती इथे टाका, मग आकडा काढू.

कुठ्ठाळी_गॅरेज

वजन होईपर्यंत एक गोष्ट बघून ठेवा. व्हॉल्व्ह कोणते आहेत? डिस्कच्या (चाकाच्या रिमच्या) भोकात दाबून बसवलेला साधा काळा रबरी व्हॉल्व्ह असेल तर तो बहुधा टीआर ४१३. त्याची मर्यादा ६५ पीएसआय, आणि तीही थंड हवेची. तुमची मागची हवा ६५ च्या वर गेली तर तो व्हॉल्व्ह चालणार नाही. टायर दहा प्लायचा घ्यायचा आणि व्हॉल्व्ह कारचा, हे बॉडी बांधणाऱ्यांकडे सर्रास दिसतं.

अंगठ्याने व्हॉल्व्ह आडवा वाकवून मुळाशी बघा. बारीक चिरा दिसल्या तर प्रश्नच नाही, बदला. जास्त दाबाचा रबरी व्हॉल्व्हही येतो. पण डिस्कच्या भोकाचं माप त्याला जुळायला हवं. ४१३ चं भोक ११.५ मिलिमीटरचं. जुळत नसेल तर नट-वॉशरने आवळायचा धातूचा व्हॉल्व्ह घ्या. टायर उतरवावाच लागेल, त्यामुळे चारही एकदमच करा, बॅलन्सिंगही होऊन जाईल.

टीपीएमएस बाहेरून टोपीसारखा लागणारा असेल तर तो रबरी व्हॉल्व्हवर अजिबात नको. सेन्सरच्या वजनाने फिरताना व्हॉल्व्ह सतत बाहेर ओढला जातो आणि मुळाशी तुटतो. हवा हळू जात नाही, एका फटक्यात जाते.

मडगावचा_मुसाफिर

साखळीकर बाब, पावती आली. सगळं भरून, दोन मोठी माणसं आणि दोन मुलं बसवून:

पुढचं डावं ७६५, पुढचं उजवं ८००. मागचं डावं १०८०, मागचं उजवं ९६०. एकूण ३,६०५. पुढचा आणि मागचा वेगळा घेतला तेव्हा बेरीज ३,६२० आली.

टाकी, ओटा आणि दोन्ही बॅटऱ्या डाव्या अंगाला आहेत. व्हॉल्व्ह रबरीच निघाले. सेन्सर बाहेरचे.

साखळीकर

पंधरा किलोंचा फरक म्हणजे काटा चांगला आहे. एकूण वजन मर्यादेत आहे, तेही बरं. मागच्या एक्सलची स्वतःची मर्यादाही चॅसिसच्या प्लेटवर लिहिलेली असते, ती २,०४० च्या वर आहे ना ते बघून घ्या.

नियम असा: एका एक्सलवरच्या दोन्ही टायरांत हवा सारखीच, आणि ती जड बाजूच्या हिशेबाने. सरासरी काढायची नाही.

मागे जड बाजू १०८०. ६५ ला टायर १०६० पेलतो, म्हणजे वीस किलो कमी पडले. ७० ला ११०५. तर मागे ७०. पुढे जड बाजू ८००. ४५ ला ८१०, म्हणजे कागदावर पास. पण ब्रेक मारला की भार पुढे येतो, गेजही एक-दोन इकडेतिकडे दाखवतो, आणि दहा किलोंची सवड म्हणजे काहीच नाही. पुढे ५०.

तर पुढे ५०, मागे ७०, दोन्ही थंड. टायरवाल्याने सांगितलेल्या ४५ वर तुमचा मागचा डावा टायर जवळपास पावणेतीनशे किलो जास्त ओढत होता. साइडवॉल प्रत्येक फेरीला जास्त वाकते, आतले थर एकमेकांवर घासतात, टायर तापतो. तो चटका त्याचाच. किती किलोमीटर असं चालवलंय? शंभर-दोनशेपेक्षा जास्त असेल तर मागचे दोन्ही टायर उतरवून आतून बघा. आतल्या भिंतीला गोल रेघ उमटली असेल किंवा रबराचा काळा भुगा हाताला लागला तर तो टायर गेला, वरून नवा दिसला तरी.

तक्ता हाताशी नसेल तर अंदाजाला एक सूत्र चालतं. प्रत्यक्ष भाराला कमाल भाराने भागा, येणाऱ्या आकड्याचा १.२५ घात काढा आणि कमाल दाबाने गुणा. मागचं: १०८० भागिले १२१५ म्हणजे ०.८९, घात काढून ०.८६, गुणिले ८०, आले ६९. तक्त्याशी जुळतं. फोनच्या कॅल्क्युलेटरवर होतं. पण सरळ वजनाच्या प्रमाणात हवा कमी करू नका. गुणोत्तर तेवढंच धरलं तर पुढे ५३ येतात आणि सूत्राने ४७, म्हणजे भार कमी असेल तिथे सरळ गुणाकार चुकतो.

दुसरं, डावी-उजवी बाजू. एक बॅटरी उजवीकडे न्या. १५० एएचची ट्युब्युलर पन्नास किलोंच्या आसपास भरते. डावीकडून तेवढं गेलं आणि उजवीकडे तेवढं आलं की १२० चा फरक वीसवर येईल. वळणातलं डुलणं त्यानेही कमी होईल. केबल लांबली तर जाड घ्या, आणि फ्यूज बॅटरीजवळच ठेवा. बॅटरी हलवल्यावरही मागे ७० च राहू द्या, १०३० ला ६५ ची सवड फार बारीक आहे.

वाळपईचा_ट्रक

ठीक, ८० चं मी मागे घेतो. पण ७० भरणार कुठे? पेट्रोल पंपावरच्या मशीनचा कॉम्प्रेसर बऱ्याचदा एवढा दाब धरूनच नसतो, साठच्या पुढे काटा हलत नाही. ट्रकचं पंक्चर काढणाऱ्याकडे जा. आणि त्याच्या गेजवर विसंबू नका, त्याचं गेज दिवसातून दहा वेळा जमिनीवर आपटतं. आपलं गेज आपल्या खिशात.

मडगावचा_मुसाफिर

घरापासून तो चार किलोमीटरवर आहे. पोचेपर्यंत टायर गरम. मग थंड ७० कशी मोजायची?

साखळीकर

थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, आणि टायरवर ऊन नाही. सकाळी अंगणात मोजा. समजा मागच्या डाव्यात ६२ निघाली. म्हणजे आठ कमी. कागदावर "मागचं डावं: आठ" एवढंच लिहा. तिथे पोचल्यावर गेज ६६ दाखवो की ६८, जे दाखवेल त्यात आठ मिळवा. ६६ असेल तर ७४ करा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी परत मोजा, एखादा पीएसआय इकडे-तिकडे निघाला तर जुळवा.

गरम टायरमधली हवा कधी सोडायची नाही. धावताना दहा ते पंधरा टक्के चढणं हे ठरलेलंच आहे, तक्ता बनवताना ते धरलेलं असतं. वाटेत ७९ दिसली म्हणून सोडलीत तर दुसऱ्या सकाळी ६१ वर उभे असाल.

स्वतःचा बारा व्होल्टचा पंप घेणार असाल तर बॅटरीला थेट चिमटे लागणारा घ्या. ७० पर्यंत नेणारा पंप वीस-तीस अँपिअर ओढतो, सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज तिथेच उडतो.

चोर्ला_घाट

बेळगावचा प्रश्न कुणी घेतलाच नाही.

तापमान दहा अंशांनी उतरलं की ७० पीएसआयच्या टायरमध्ये साधारण तीन पीएसआय कमी होते, ५० च्या टायरमध्ये दोनाच्या वर. मडगावात दुपारी ३२ अंशांत ७० भरली आणि बेळगावात पहाटे १५ अंश असेल तर पावणेपाच गेली. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास आहे, तिथे बाहेरचा दाब कमी असल्याने गेज सव्वा पीएसआय जास्त दाखवतं. म्हणजे सकाळी गेजवर साडेसहासष्टच्या जवळपास दिसेल. टायर गळत नाहीये, घाबरू नका. चार दिवस तिथे राहणार असाल तर तिथल्या सकाळी ७० करून घ्या. परत खाली आल्यावर साडेतीन जास्त दिसेल, ती गोव्यातल्या सकाळी, टायर थंड असताना काढा.

उन्हाचंही तसंच आहे. एका बाजूला सकाळचं ऊन आणि दुसरी सावलीत असेल तर दोन-तीन पीएसआयचा फरक नुसता उन्हाचा असतो. ऊन्हातल्या बाजूची काढून "सारखी" करणारे लोक रोज दिसतात.

येताना अनमोड उतरताना टीपीएमएसकडे लक्ष ठेवा. सतत ब्रेकवर उतरलात तर ड्रमची उष्णता डिस्कमधून टायरमध्ये येते आणि दाब झपाट्याने वर जातो. उपाय हवा सोडणं नाही, दुसरा-तिसरा गिअर. मोले चेकपोस्टला थांबलात तर नुसतं थांबा, व्हॉल्व्हला हात लावू नका. एकाच चाकाचं तापमान बाकीच्या तिघांपेक्षा वीस अंशांनी जास्त दिसलं तर हवा नव्हे, तो ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय.

कुठ्ठाळी_गॅरेज

अलार्मचं सांगतो. खालचा अलार्म थंड आकड्याच्या दहा टक्के खाली: पुढे ४५, मागे ६३. वरचा पंचवीस टक्के वर: पुढे ६२, मागे ८८. तापमान ७० अंश. बहुतेक स्वस्त सेट कंपनीतून कारच्या आकड्यांवर लावून येतात, वरचा अलार्म चाळीस-पंचेचाळीसवर असतो. तो बदलला नाहीत तर सुरू केल्यापासून केकाटत राहील, मग माणूस वैतागून आवाज बंद करतो आणि खरं पंक्चर होतं तेव्हा कळत नाही.

समुद्राच्या हवेत अजून एक त्रास. सेन्सरच्या आतला आटा आणि व्हॉल्व्ह वेगवेगळ्या धातूंचे असले की खारं पाणी लागून दोन्ही एकमेकांना चिकटतात. पितळी व्हॉल्व्ह, पितळी आटा ठेवा. बसवताना आट्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा आणि दोन महिन्यांनी एकदा काढून परत बसवा. चिकटलेला सेन्सर पक्कडीने पिळला की व्हॉल्व्हच फिरतो.

लोखंडी डिस्क असेल तर टायर उतरवलेला असतानाच कडा बघा, जिथे टायर बसतो तिथे. गंजाचे पापुद्रे आले असतील तर वायर ब्रशने घासून प्रायमर मारा, सुकल्यावरच टायर चढवा. आठवड्याला तीन-चार पीएसआय कमी होते आणि पंक्चर सापडत नाही, त्यामागे बहुधा हाच गंज असतो. अलॉय असेल तर आतल्या बाजूला कोरलेला कमाल भार वाचा, तो १०८० च्या वर पाहिजे. कारची अलॉय बसवलेल्या कॅम्पर बघितल्या आहेत, टायर १२१५ चा आणि डिस्क साडेसातशेची.

आगोंद_वाळू

वाळूत रुतल्यावर हवा किती काढायची?

वाळपईचा_ट्रक

किनाऱ्यावर गाडी न्यायला गोव्यात बंदी आहे, तेव्हा ते सोडा. कॅम्पसाइटच्या वाटेवरची भुसभुशीत वाळू किंवा पावसातला तांबडा चिखल असेल तर आधी फळ्या टाका, पाण्याची टाकी रिकामी करा, १२० किलो तिथेच गेले. तरी नाही निघाली तर मागे ४५ पर्यंत आणा, ताशी दहा-पंधराच्या वर जाऊ नका, स्टिअरिंग जोरात तोडू नका, आणि डांबरी लागायच्या आत परत भरा. पंप बरोबर नसेल तर हवा काढूच नका.

मडगावचा_मुसाफिर

देव बरें करूं. धातूचे व्हॉल्व्ह सांगितले आहेत. ५०/७० वर खडूची रेघ मारून बघितलं तर चालेल का? आणि जून ते सप्टेंबर गाडी उभी असते तेव्हा?

साखळीकर

खडू चालतो, पण ढोबळ. गोटीवर आडवी जाड रेघ मारा, कोरड्या सपाट डांबरीवर सरळ दीडशे मीटर जा. मधलाच खडू गेला तर हवा जास्त, कडेचे दोन्ही खांदेच पुसले तर कमी. रेडियलमध्ये पोलादी पट्टा गोटी सपाट धरतो, त्यामुळे पाच-सात पीएसआयची चूक खडूत दिसत नाही. तक्ता आणि खडू यांत मतभेद झाला तर तक्त्याचं ऐका. एकच खांदा घासत असेल तर तो अलाइनमेंटचा प्रश्न, हवेने सुटणार नाही.

पावसाळ्यात गाडी उभी करताना टाकी रिकामी, चारही टायर ८० वर (धातूचे व्हॉल्व्ह बसल्यावरच), खाली लाकडी फळी, टायरपेक्षा रुंद. गवतावर किंवा साचलेल्या पाण्यात नको. महिन्याला अर्धा फेरा पुढे-मागे सरकवा, नाहीतर एकाच जागी चपटं होऊन पहिले वीस किलोमीटर धडधडतं. काढताना परत ५० आणि ७०. तेव्हाच साइडवॉलवरचा चार आकडी कोड बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कॅम्परचे टायर घासून नाही, उभ्याउभ्या म्हातारे होऊन जातात. पाच वर्षांनंतर दरवर्षी उतरवून आतून तपासा, गोट्यांच्या खाचांत किंवा साइडवॉलवर चिरा दिसल्या तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदला.

कुठ्ठाळी_गॅरेज

स्टेपनी विसरू नका. तिलाही तोच व्हॉल्व्ह, आणि हवा ७५. पुढे लागली तर रस्त्यावर काढून ५० करता येते. कमी असलेली रात्री अनमोडच्या वळणावर भरायला कुणी येत नाही.